किट घेणारा नेमके काय विकत घेतो?

मागील अंकात या सदरात हौशी रेडिओविषयी, म्हणजे ज्याला सर्वत्र 'हॅम रेडिओ' म्हणतात त्या, परवाना घेऊन बिनतारी संचावर दूरच्या लोकांशी संपर्क साधण्याच्या छंदाविषयी, एक लहानसे उत्तर छापले होते. त्यात स्वतः जोडायच्या रेडिओ किटचा ओझरता उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली आणि बहुतेकांच्या मनात एकच शंका दिसली: तयार वस्तू सहज मिळत असताना अर्धवट वस्तू पैसे देऊन घेणारे लोक कोण, आणि ती विकणारे तग कसे धरतात? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : ऑनलाइन दोन-अडीच हजारांत दोन बॅटऱ्यांसह तयार वॉकीटॉकी मिळते. तुम्ही उल्लेख केलेले किट आयात खर्चासह त्याच्या दुप्पट-तिपटीला पडते आणि वर आठवडाभर डोळे फोडायचे. हा व्यवहार मला समजत नाही. — निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

आपला हिशेब बरोबर आहे, परंतु तुलना दोन निराळ्या वस्तूंची झाली आहे. ती वॉकीटॉकी व्हीएचएफ आणि यूएचएफ या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यांवर चालते. तिचे तरंग साधारणपणे नजरेच्या टप्प्याएवढेच जातात, म्हणजे शहरात काही किलोमीटर आणि डोंगरमाथ्यावरून किंवा रिपीटरच्या (संकेत पकडून पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राच्या) मदतीने त्याहून बरेच लांब. (ती ऑनलाइन मिळते म्हणून विनापरवाना वापरता येते, असा समज मात्र कृपया करून घेऊ नये.) किटच्या बाजारात ज्यांना मागणी आहे ते संच बहुतांशी ३ ते ३० मेगाहर्ट्झ या एचएफ पट्ट्यातील असतात. येथे तरंग आयनावरणावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून येतात, आणि त्यामुळे खोलीतील रात्रीच्या दिव्याएवढ्या, म्हणजे अवघ्या ५ वॉट शक्तीवर नाशिकहून कोलकात्याशी मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतभाषेत, संपर्क होतो. परिस्थिती अनुकूल असेल त्या रात्री युरोपातील केंद्रही उत्तर देते. या पट्ट्यांवरील कारखान्यात बनलेला संच भारतात सहसा पन्नास हजारांच्या पुढेच सुरू होतो. त्यापुढे पाच-सहा हजारांचे किट स्वस्त वाटू लागते, मात्र ते एकाच पट्ट्यावर चालते आणि बहुधा मोर्सपुरतेच असते हेही सांगायला हवे.

तरीही केवळ किमतीवरून या मागणीचा उलगडा होत नाही. एक उदाहरण घेऊ. 'क्यूआरपी लॅब्ज' या छोट्या उद्योगाचे हान्स समर्स यांनी २०१७ मध्ये 'क्यूसीएक्स' नावाचा एका पट्ट्याचा मोर्स संच ४९ डॉलरला विक्रीस आणला. मुळात त्याची रचना त्या वर्षी इंग्लंडमध्ये भरलेल्या तरुण हॅमच्या (हौशी रेडिओचालकांच्या) शिबिरात मुलांनी तो स्वतः जोडावा यासाठी झाली होती. पुढे त्याचे दहा हजारांहून अधिक नग विकले गेले, आणि कोणतीही जाहिरात संस्था नसलेल्या, घरगुती म्हणावा अशा उद्योगासाठी हा आकडा लहान नाही. त्यात पाच वॉटसाठी तीन साधे, स्वस्त ट्रान्झिस्टर वापरले होते आणि ज्या दोन बारीक चिप हाताने बसवणे नवख्याला अवघड जाते त्या आधीच बोर्डवर बसवून दिल्या होत्या. माझ्या मते त्याचे खरे आकर्षण दोन गोष्टींत होते. पहिली ही, की संच जोडून झाल्यावर त्याची बारीक जुळवणी (ट्यूनिंग) करण्यासाठी लागणारी चाचणी-साधने त्या संचातच बसवलेली होती. संच स्वतःच चाचणीचा संकेत निर्माण करतो, स्वतःच तो मोजतो आणि कोणता ट्रिमर (जुळवणीचा छोटा फिरता भाग) किती फिरवायचा ते छोट्या पडद्यावर दाखवतो. घरी ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे यंत्र) नसलेल्या माणसाची सर्वांत मोठी भीती तेथेच संपते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यासोबतची शंभरावर पानांची पुस्तिका. प्रत्येक भाग बोर्डवर कोठे बसतो याचे चित्र, प्रत्येक टप्प्यानंतर काय तपासावे, आणि संच मुका राहिला तर शोध कोठून सुरू करावा, हे सर्व तिच्यात होते.

मला स्वतःला हे उशिरा उमगले. पहिल्या संचात टोरॉइडच्या, म्हणजे कंकणाकृती गाभ्याच्या, गुंडाळीच्या टोकांवरील इनॅमलचा लेप मी नीट खरवडला नव्हता. वरून सोल्डर झकास दिसत होते, आत जोड नव्हताच. दोन संध्याकाळी मी ट्रान्झिस्टरला दोष देत बसलो. शेवटी पुस्तिकेच्या मागील पानावरील एका ओळीने दहा मिनिटांत मार्ग दाखवला. त्या संचातले भाग मला पुण्यात तापकीर गल्लीत सुटे मिळाले असते. ती ओळ मिळाली नसती. किटवाल्याला आपण पैसे देतो ते प्रामुख्याने या खात्रीसाठी, की काम आपल्या हातून पूर्ण होईल.

प्रश्न : अमेरिकेतील 'हीथकिट' हे नाव वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. एवढी लोकप्रिय कंपनी होती, तर ती बंद का पडली? — अभियंता, ठाणे

ही कहाणी विमानापासून सुरू होते. एडवर्ड हीथ हे १९२६ पासून 'पॅरासोल' नावाचे छोटे विमान सुट्या भागांच्या रूपात विकत असत, आणि १९३१ मध्ये एका चाचणी उड्डाणात त्यांचा अंत झाला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनी यांनी कंपनी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे न वापरलेले इलेक्ट्रॉनिक सामान कवडीमोलाने विकले जात होते. अँथनी यांनी ते घेतले आणि १९४७ मध्ये, मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथून, पन्नास डॉलरच्या घरात ऑसिलोस्कोपचे किट बाजारात आणले. तयार ऑसिलोस्कोपची किंमत तेव्हा याच्या कित्येक पट होती. हौशी रेडिओचे प्रक्षेपक (संकेत पाठवणारे) आणि ग्राहक (ऐकण्याचे) संच त्यामागोमाग आले.

त्या काळात किटमुळे पैसे खरोखर वाचत. झडपांचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) रेडिओ म्हणजे धातूच्या सांगाड्यावर ठोकलेले शेकडो भाग आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो तारा. हे सगळे काम कारखान्यात पगारी कामगार हातांनी करत, आणि त्या मजुरीचा मोठा वाटा किमतीत असे. ती मजुरी ग्राहकाने आपल्या जेवणाच्या टेबलावर फुकट केली, तर कंपनी आणि ग्राहक दोघेही फायद्यात राहत. हीथकिटच्या पुस्तिकांत प्रत्येक कृतीपुढे एक छोटा रिकामा कंस छापलेला असे. कृती झाली की त्यात खूण करायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेली माणसेही अशा खुणा करत करत पूर्ण रेडिओ उभा करत. १९७० च्या सुमारास आलेला एचडब्ल्यू-१०१ हा संच अमेरिकेत हजारो घरांत याच पद्धतीने जोडला गेला, आणि त्याच दशकात एचडब्ल्यू-८ या जेमतेम दोन वॉटच्या संचाने कमी शक्तीवर संपर्क साधण्याची गोडी लावली.

मग हा हिशेब उलटला. छापील सर्किट बोर्ड आले, भाग यंत्राने बसवले जाऊ लागले, सगळे सोल्डरिंग एकाच फेरीत होऊ लागले, आणि जपानी कंपन्यांचे तयार संच दर्जाने उत्तम आणि किमतीने आटोक्यातले येऊ लागले. जी मजुरी ग्राहक वाचवत होता ती कारखान्यातच जवळपास नाहीशी झाली. उलट सुटे भाग मोजून पिशव्यांत भरणे, पुस्तिका लिहिणे आणि अडलेल्या ग्राहकाला फोनवरून मदत करणे हा किटचा खर्च तसाच राहिला, किंबहुना वाढला. १९७९ मध्ये झेनिथ या अमेरिकी दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपनीने हीथकिट घेतली ती मुख्यतः तिच्या संगणक विभागासाठी. १९९२ मध्ये हीथकिटचे संच बंद झाले.

किटचा बाजार तेथेच संपला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो फक्त लहान हातांत गेला. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात कमी शक्तीच्या रेडिओची आवड असणाऱ्यांनी 'नॉरकॅल' नावाचा क्लब काढला आणि सभासदांसाठी वेन बर्डिक यांनी रचलेले 'नॉरकॅल ४०' हे किट वाटले. त्याची सुधारित आवृत्ती कॅलटेक (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) मधील प्राध्यापक डेव्हिड रटलेज यांनी विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यासाठी वापरली. संपूर्ण अभ्यासक्रमाची मांडणीच त्या एका छोट्या रेडिओभोवती केली. १९९८ मध्ये बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ यांनी 'एलेक्राफ्ट' स्थापन केली. त्यांचा 'के २' हा संच किट असूनही मोठ्या कंपन्यांच्या तयार संचांच्या पंक्तीत बसत असे, कारण दुबळा संकेत शेजारच्या दांडग्या संकेताच्या गोंगाटात ऐकू येणे या कसोटीवर तो सरस होता. तो स्वस्त होता म्हणून कोणी घेत नव्हते. हीथकिटचा ग्राहक पैसे वाचवायला येत असे आणि जाताना शिकून जात असे. पुढच्या पिढीचा ग्राहक शिकण्यासाठीच पैसे मोजायला तयार होऊन आला. दोन्ही काळांतला हा फरक ज्यांच्या ध्यानात आला नाही अशा काही छोट्या किटवाल्यांनी किमतीची लढाई लढली, आणि तीत ते आधी नफा व मग दुकान गमावून बसले.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आहे. पुण्यात राहून हॅम रेडिओची किट बनवून विकण्याचा विचार आहे. भारतात हा धंदा चालेल का? — वाचक, पिंपरी

भारतात तो चालून दाखवलेला आहे, त्यामुळे प्रश्न 'चालेल का' यापेक्षा 'कसा' असा विचारावा. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी सुमारे दोन दशकांपूर्वी 'बिटेक्स' या संचाची रचना खुली केली. भारतीय बाजारात सहज मिळतील असेच भाग त्यात वापरावेत हा त्यांचा आग्रह होता. परदेशी फेराइट कंकणे मिळत नाहीत तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळा, दूरदर्शन संचातील बालुनचा (अँटेनाच्या जोडणीतील छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) गाभा वापरा, असा तो सगळा मामला होता. आणि त्यातून कोणताही शिकाऊ माणूस आवाजाने बोलता येईल असा एसएसबी संच उभा करू शके. पुढे २०१६ च्या अखेरीस त्यांच्या 'एचएफ सिग्नल्स'ने 'बिटेक्स ४०' हा बोर्ड साठ डॉलरच्या आत विक्रीस आणला. त्यावरील बारीक भाग यंत्राने बसवलेले होते, पण टोरॉइडच्या गुंडाळ्या हैदराबादमधील स्त्रियांच्या एका गटाने हाताने केलेल्या होत्या, आणि ही गोष्ट ग्राहकाला मोकळेपणाने सांगितलेली होती. डबा नव्हता, डबा ज्याने त्याने शोधायचा. कोणी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, कोणी लाकडी पेटीत. २०१७ च्या अखेरीस आलेला अनेक पट्ट्यांचा 'मायक्रोबिटेक्स' १०९ डॉलरला होता आणि त्याला जगभरातून मागणी आली.

यातून व्यावसायिकाने घ्यावयाची पहिली गोष्ट ही, की सर्वच काम ग्राहकावर सोडावे लागत नाही. जे हाताने करणे त्रासाचे आहे ते आपण करून द्यावे आणि जे करताना ग्राहकाला 'हे मी केले' असे वाटते ते त्याच्यासाठी राखून ठेवावे. ही रेघ कोठे ओढायची यावर संच खपणार की पडून राहणार ते ठरते. सगळेच जोडून दिले तर तो एक महागडा आणि दिसायला ओबडधोबड तयार रेडिओ होतो. काहीच जोडून दिले नाही तर निम्मे संच कपाटात पडून राहतात, आणि कपाटात पडलेल्या संचाचा मालक दुसरा संच कधीच घेत नाही.

दुसरी गोष्ट, दोष लपवू नये. मायक्रोबिटेक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतून मूळ तरंगासोबत नको असलेले तरंगही मर्यादेपेक्षा अधिक बाहेर पडत होते. ते वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवले, दुरुस्त्या सुचवल्या आणि पुढील आवृत्त्यांत त्या अंतर्भूत झाल्या. आराखडा खुला होता म्हणून हे शक्य झाले, आणि खुल्या आराखड्याची नक्कल होते हेही तितकेच खरे. चिनी विक्रेते दोन-तीन ट्रान्झिस्टरचा 'पिक्सी' संच चहा-नाश्त्याच्या पैशांत विकतात. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करायला जाऊ नका. त्या पिशवीत सूचनांचा एक कागद असलाच तर असतो. तुमच्या पुस्तिकेला तेथेच जागा आहे. ती मराठीत आणि हिंदीत असली तर आणखीच बरे, कारण मला तरी मराठीत नीट लिहिलेली अशी पुस्तिका आजवर पाहायला मिळालेली नाही.

तिसरी गोष्ट रूक्ष आहे, पण नवखे येथेच बुडतात. साठ भागांच्या संचाचे शंभर नग म्हणजे सहा हजार भाग मोजून पिशव्यांत भरणे. एका पिशवीत एक कपॅसिटर कमी पडला तर भागाची किंमत दोन रुपये आणि तो कुरियरने पाठवण्याची सत्तर-ऐंशी रुपये. शिवाय बोर्डच्या छिद्रांत तारेचे पाय घालून बसवायचे, पायांचे म्हणून ओळखले जाणारे जुन्या घडणीचे भाग एकेक करून उत्पादनातून बाद होत आहेत; ज्या एका चिपवर तुमचा संपूर्ण आराखडा उभा आहे ती पुढील पाच वर्षे मिळेल का, हे आराखड्याच्या आधी तपासावे. विक्री सुरू करण्यापूर्वी बिनतारी उपकरणांच्या निर्मिती व विक्रीसंबंधीचे सध्याचे नियम दूरसंचार विभागाकडून लेखी समजून घ्यावेत. सुरुवात केवळ ग्राहक संचाने, म्हणजे ऐकण्याच्या रेडिओने करावी असे मी सुचवेन. त्याचा ग्राहकवर्ग मोठा आहे, कारण शाळा-महाविद्यालयेही तो घेतात, आणि प्रक्षेपकाचे प्रश्न त्याला लागू होत नाहीत.

प्रश्न : मी बारावीत आहे. परवाना नसताना किट घेतले तर चालेल का? पहिले कोणते घ्यावे? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

प्रक्षेपण करणारा संच परवान्याशिवाय वापरता येत नाही. भारतात त्यासाठी हौशी केंद्रचालकाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. तेव्हा वयाची अडचण नाही. अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावरील माहितीच प्रमाण मानावी. परीक्षेची तयारी चालू असताना ७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकता येईल असा साधा ग्राहक संच जोडावा. सकाळी त्या पट्ट्यावर भारतीय हॅमचे बोलणे ऐकू येते आणि ऐकता ऐकता अर्धा अभ्यास होतो. सोल्डरिंग आयर्न मात्र तापमान नियंत्रित करता येईल असे घ्यावे. किटवर वाचवलेले पैसे येथे घालावेत.

प्रश्न : वय ६८, हात किंचित थरथरतात. बारीक भाग दिसत नाहीत. हा छंद आता माझ्यासाठी बंद समजावा का? — वाचक, मडगाव

मुळीच नाही. आपल्यासारख्यांचीच संख्या मोठी म्हणून बरेच विक्रेते बारीक चिप आधी बसवून देतात, आणि एलेक्राफ्टच्या पुढील काळातील काही संचांत सोल्डरिंग नावालाही नव्हते. तयार बोर्ड एकमेकांत बसवायचे आणि स्क्रू आवळायचे. काही जण याला किट म्हणायला नाक मुरडतात. आपण त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. टेबलाला बसणारे, दिवा असलेले भिंग आणि मनगट टेकवायला उशी, एवढ्याने पायांचे मोठे भाग सहज बसतात.

प्रश्न : माझे वडील हॅम होते. त्यांच्या कपाटात एक अर्धवट जोडलेले जुने किट सापडले आहे. त्याला काही किंमत येईल का? — वाचक, सातारा

संग्राहकांच्या बाजारात एक विचित्र उतरंड आहे. मुळीच न उघडलेल्या जुन्या किटला सर्वाधिक भाव मिळतो, चांगले जोडलेले आणि चालणारे त्याखाली येते, आणि अर्धवट जोडलेल्याला जवळपास काहीच मिळत नाही. दुसऱ्याने कोठे चूक केली आहे हे शोधत बसणे कोणालाच नको असते.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन एरिएली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाची येथे आठवण होते. काही लोकांना साधे साठवणीचे खोके स्वतः जोडायला दिले आणि काहींना तेच खोके तयार दाखवले. ज्यांनी ते जोडले त्यांनी त्यासाठी ६३ टक्के अधिक किंमत देऊ केली. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की काम अपुरे राहिले किंवा केलेले मोडून टाकले तर ही वाढीव ओढ उरत नाही. किटचा धंदा एवढ्यावरच उभा आहे आणि एवढ्यावरच पडतो. बाजाराच्या दृष्टीने आपल्या वडिलांचा संच म्हणूनच सर्वांत वाईट अवस्थेत आहे.

पण आपण पुस्तिकेविषयी काही लिहिलेले नाही. ती कपाटातच असेल तर आधी ती काढा. जुन्या पुस्तिकांत प्रत्येक कृतीपुढे खुणेची जागा असते. वडिलांनी शेवटची खूण कोणत्या पानावर केली आहे ते पाहा, आणि समासात पेन्सिलीने काही लिहिले आहे का तेही पाहा. संच विजेला जोडून पाहण्याचा मोह टाळा. झडपांचा असेल तर आतील विद्युतदाब जिवावर बेतणारा असतो, आणि पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेले मोठे कपॅसिटर फुटूही शकतात. साताऱ्यात किंवा पुण्यात परवानाधारक हॅमचा गट भेटला तर संच आणि पुस्तिका दोन्ही घेऊन जा. राहिलेल्या खुणा त्यांच्यापैकी कोणाच्या शेजारी बसून तुम्हीच कराव्यात, असे मला वाटते. आणि विकायचेच ठरले तर पुस्तिका संचासोबत द्या, तिच्याशिवाय तो कोणीही हातात घेणार नाही.